आगोट आणि वादळ

वसईचें नांव निघतांच सन १७३९ चा वेढा, चिमाजीअप्पा आणि पोर्तुगीजांचा पाडाव यांचें स्मरण होतें, व तें योग्यच आहे. परंतु त्या विजयापूर्वीं सुमारें सव्वाशें वर्षें या शहरावर दुसरी एक स्वारी झाली होती, तिची आठवण क्वचितच कोणी काढतो. ती स्वारी वाऱ्याची होती. ऋतुमानापासून घर राखण्याची आमच्या किनाऱ्यावरील विद्या फार जुनी आहे. मात्र तींत एक उणीव पिढ्यान्‌पिढ्या राहून गेली आहे, असें आम्हांस वाटतें. ती दाखविणें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सन १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादुरशहा याजकडून वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली. पुढें तेथें दगडचुन्याचीं चर्चें, मठ आणि धनिकांचे वाडे उभे राहिले. १५ मे १६१८ रोजीं वादळ सुरू झालें. त्याच्या जुन्या वृत्तांतांत म्हटलें आहे कीं, घर अंगावर कोसळेल या भीतीनें लोक तळघरांत दडून बसले. वाऱ्यानें समुद्र शहरांत लोटला. चर्चांचे माथे उडाले. आगाशीस एक होडी वाऱ्याच्या जोरानें समुद्रांतून थेट एका घरांत फेकली गेली. मुंबईस साठ गलबतें बुडालीं. मृतांची संख्या दोन हजार दिली आहे. अशा वृत्तांतांतील आकडे जपूनच घ्यावे. परंतु ज्यांच्या भिंती दगडाच्या, त्यांचेहि माथे टिकले नाहींत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आतां साध्या घराकडे वळूं. पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या किनाऱ्यावर ‘आगोट’ म्हणतात. मृग लागण्यापूर्वीं घर शाकारावयाचें, म्हणजे कौलें उतरवून फुटकीं बदलावयाचीं, किडके वासे काढावयाचे, जेथें गवताचें छप्पर असेल तेथें तें नवें घालावयाचें. नैर्ऋत्येकडील झडीनें कुडाच्या भिंती भिजूं नयेत म्हणून पडवीला झावळ्यांचीं झापें बांधावयाचीं. जळण, सुकी मासळी, मीठमसाला यांची बेगमी करावयाची. या कामांत घरांतील लहानथोर सर्वांचा हात लागे. चार महिने कोसळणाऱ्या पावसाला इतकें नेमकें उत्तर शोधणाऱ्या पूर्वजांचें कौतुक करावें तेवढें थोडेंच.

पण हें उत्तर पावसाला आहे, वादळाला नव्हे. पाऊस वरून येतो, म्हणून शाकारणीचें सारें लक्ष पाणी खालीं ओघळून कसें जाईल इकडे असतें. वादळ मात्र छप्पर खालून उचलतें. वारा छपरावरून वेगानें जाऊं लागला कीं वरील हवेचा दाब उतरतो व आंतील हवा छपराला वर रेटते. वाऱ्याकडील एखादें दार किंवा खिडकी फुटली, तर हा रेटा आणखी वाढतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. केवळ स्वतःच्या भारानें बसलेलें कौल तेथें काय टिकणार? सन १६७५ मध्यें इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यानें वसईस दुमजली घरें, आच्छादित सज्जे आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या मोठाल्या खिडक्या पाहिल्या. १६१८ नंतर पुरीं साठ वर्षेंहि झालीं नव्हतीं! आपत्ति विसरावयास दोन पिढ्या पुरतात.

दुसरी उणीव काळाची. आमच्या समुद्रांतील मोठीं वादळें ऐन पावसाळ्यांत क्वचितच होतात. तीं त्याच्या दोन्ही शिवांवर येतात. १६१८ चें वादळ मे महिन्यांतलें. १९४८ सालीं मुंबईवर आलेलें आणि २००९ सालचें ‘फयान’ हीं दोन्ही नोव्हेंबरांतलीं. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजीं अलिबागेजवळ किनाऱ्यावर चढलें; ‘तौक्ते’ १७ मे २०२१ रोजीं मुंबईच्या पश्चिमेस समुद्रावरून पुढें गुजराथेकडे गेलें. म्हणजे आगोटीच्या कामासाठीं छप्पर उघडें असतें तेव्हां, किंवा दिवाळीनंतर झापें सोडून गृहस्थ निश्चिंत होतो तेव्हां, वादळाची वेळ असते. पंचांग चुकलें नाहीं. आपण तें एकाच शत्रूसाठीं वाचलें.

आज वसई-विरारमध्यें सिमेंटच्या इमारती झाल्या, म्हणून ही चर्चा शिळी झाली असें नाहीं. चाळींवर पत्रे आहेत, आणि पक्क्या गच्चीवरहि पावसासाठीं पत्र्याची शेड घालण्याची रीत पडली आहे. चार खांबांवरची, चोहोंकडून उघडी अशी शेड वाऱ्याला आयती सांपडते. आणि सुटलेला पत्रा आपल्या घरापेक्षां शेजाऱ्याच्या जिवावर अधिक बेततो.

पूर्वजांना नव्हती अशी एक सोय आपणांस आहे. हवामानखात्याची सूचना आतां कांहीं दिवस आधीं मिळते. पण तेवढ्या अवधींत झाडाच्या वाळल्या फांद्या उतरवितां येतील, गच्चीवरील सुटें सामान आंत घेतां येईल, खिडक्यांना फळ्या ठोकतां येतील. घराचें आढें-वासे भिंतींशीं लोखंडी पट्ट्यांनीं जखडणें मात्र त्या वेळीं होत नाहीं. तें काम चैत्रांतच झालें पाहिजे, आणि कार्तिक सरेपर्यंत कोणतेंहि बंधन सैल करूं नये. आगोटीची शिस्त आपल्या अंगीं आहेच. तिला दोन्ही टोकांनीं एकेक महिन्याची जोड द्यावयाची, आणि कौल चाळतांना एकवार खालूनहि पाहावयाचें, एवढेंच आमचें सांगणें आहे.