गळतीचा इतिहास

यंत्रांचा इतिहास आपण सहसा शोधांच्या तारखांनी लिहितो. कोणी कधी कोणते पेटंट मिळवले याची नोंद होते. ते यंत्र पुढे तीस-चाळीस वर्षे कोणी चालते ठेवले, याची मात्र होत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या मालमोटारीखाली सकाळी तेलाचा तळहाताएवढा डाग दिसतो, तेव्हा या दुसऱ्या इतिहासाची सुरुवात होते. पॉवर स्टिअरिंगचा पंप गळणे ही तशी किरकोळ बाब. पण त्या थेंबाचा माग काढत गेले, तर विसाव्या शतकातल्या दोन संशोधकांच्या नशिबापर्यंत जाऊन पोहोचता येते.

पहिला संशोधक फ्रान्सिस डेव्हिस. पिअर्स-ॲरो या अमेरिकन कंपनीच्या मालमोटार विभागात तो अभियंता होता. भरलेल्या मालमोटारीची पुढची चाके वळवणे हे तेव्हा निव्वळ अंगबळाचे काम होते. दंतचक्रांचे प्रमाण बदलून हातावरचा भार हलका करता येई, पण मग तेवढेच वळण घेण्यासाठी चक्र कितीतरी अधिक वेळा फिरवावे लागे. श्रम कमी होत नसत, लांबत असत. आपल्याकडच्या जुन्या चालकांना हे वेगळे सांगायला नको. अरुंद घाटवळणावर बैठकीतून अर्धवट उठून, खांद्याचा जोर लावून चक्र फिरवण्याची पाळी त्यांच्यावर अनेकदा आलेली असते.

तेलाच्या दाबाने हा भार पेलावा, ही कल्पना सुचणे अवघड नव्हते. अवघड होते ते तेलाला आत थोपवून धरणे. दाबाखालचे तेल सतत कोंडून ठेवायचे आणि हवे तेव्हा झडप उघडून ते सोडायचे, अशी रचना केली तर प्रत्येक सांध्यावर अष्टौप्रहर दाब राहणार, आणि जिथे दाब तिथे आज ना उद्या गळती होणारच. डेव्हिसने ही रचना उलटी केली. त्याच्या योजनेत झडप एरवी उघडीच असते. पंप अखंड चालतो आणि तेल फारसा विरोध न होता टाकीतून झडपेकडे व झडपेतून पुन्हा टाकीकडे फिरत राहते. चालकाने चक्र वळवले, की झडप परतीची वाट आवळते. तेवढ्यापुरता दाब चढतो, चाकांना हात देतो आणि काम संपताच उतरतो. दाब हा इथे नित्याचा नाही, नैमित्तिक आहे. चक्र आणि चाके यांतला यांत्रिक दुवाही कायम राहतो; त्यामुळे तेल संपले तरी गाडी वळते, फक्त जड होते. गळतीची शक्यता गृहीत धरून केलेली ही रचना आहे, आणि माझ्या मते डेव्हिसचे मोठेपण तिथेच आहे.

वॉल्थॅम इथल्या आपल्या कार्यशाळेत त्याने ही यंत्रणा एका पिअर्स-ॲरो गाडीवर बसवली आणि १९२६ साली ती जनरल मोटर्सला दाखवली. कंपनीने त्याला सामावून घेतले. पण मंदीच्या दिवसांत, १९३४ साली, खर्चाच्या मानाने खप होणार नाही असे ठरवून प्रकल्प गुंडाळला. डेव्हिस बेंडिक्सकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात अवजड चिलखती वाहनांना हे साधन उपयोगी पडले. सर्वसामान्य ग्राहकाला विकत मिळणाऱ्या मोटारीत मात्र ते १९५१ साली क्रायस्लरच्या इम्पीरियलमधून आले, आणि तेही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांचा आधार घेऊन. जनरल मोटर्सला मग जाग आली व १९५२च्या कॅडिलॅकमध्ये त्याचेच जुने काम वापरले गेले. प्रात्यक्षिक आणि बाजार यांत पंचवीस वर्षे गेली.

दुसरा संशोधक नील्स क्रिस्टेन्सेन. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या या माणसाने १८९१ साली अमेरिका गाठली आणि ट्रामगाड्यांच्या हवेच्या ब्रेकवर काम करण्यात उमेदीची वर्षे घालवली. १९३७ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याने एका साध्याशा रबरी कड्यासाठी पेटंटचा अर्ज केला. आज ज्याला सगळे ओ-रिंग म्हणतात, तेच हे कडे. खाचेत ते किंचित दाबून बसवायचे, म्हणजे तेलाचा दाबच त्याला फटीकडे रेटतो आणि फट बुजते. गळू पाहणाऱ्या द्रवालाच पहारेकरी नेमण्याची ही युक्ती. १९३९ साली पेटंट मिळाले. पण युद्धकाळात विमानांना या कड्याची इतकी निकड भासली, की सरकारने हक्क आपल्याकडे घेऊन ते सर्वांना वापरू दिले. क्रिस्टेन्सेनला पंचाहत्तर हजार डॉलर मिळाले. १९५२ साली तो वारला आणि वारसांना आणखी एक लाख डॉलर मिळाले ते १९७१ साली. तोवर त्याच्या कड्यांवर जग चालू लागले होते.

या दोघांची गाठ ज्या एका वस्तूत पडते, ती म्हणजे जुन्या शेव्हरोले मालमोटारींमधला सॅगिनॉ पंप. मिशिगनमधल्या सॅगिनॉ गावी जनरल मोटर्सचा स्टिअरिंगचा कारखाना होता. त्याच्याच नावाने हा पंप ओळखला जातो. आत लंबवर्तुळाकार कड्यामध्ये फिरणारा एक गोल खंड, त्याच्या खाचांत मागेपुढे सरकणारी दहा पाती आणि या सगळ्याला वेढून बसलेली पत्र्याची टाकी. पंपाचे शरीर टाकीतल्या तेलातच बुडालेले असल्याने टाकीच्या काठाचे मोठे कडे, मागच्या स्टडांची छोटी कडी आणि दाबाची नळी जिथे जोडते तिथले कडे, यांपैकी एक जरी वाळून कडक झाले तरी तेल बाहेर पाझरते. पुढे, पुलीच्या मागे, फिरत्या शाफ्टवरचे ऑइल सील असते. ते झिजले की तेल पुलीवर उडते आणि गळतीचा मूळ पत्ता लागेनासा होतो.

म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी पान्याची नाही, चिंधीची. पंप स्वच्छ पुसायचा, कोरडा करायचा, इंजिन चालू ठेवायचे आणि पहिला ओलावा कुठे उमटतो ते पाहायचे. पुष्कळदा पंप निर्दोष असतो आणि नळी गळत असते. दोष पंपातच असेल, तर पुली पुलरनेच काढायची. हातोड्याचा एक घाव शाफ्टमार्फत आतल्या भागांना इजा करू शकतो. जुने सील उचकटताना शाफ्टवर ओरखडा उठू द्यायचा नाही. नवे सरळ, सगळीकडून सारखे दाबत बसवायचे. जोडणी झाल्यावर पुढची चाके जमिनीपासून उचलून, इंजिन बंद ठेवून, चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. टाकीत फेस दिसत असेल तर काम अजून संपलेले नाही.

इतके सगळे करूनही एक प्रश्न उरतो. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर वर्षानुवर्षे घासून जर खाच पाडलेली असेल, किंवा शाफ्टला आधार देणारे बुश सैल झाले असेल, तर नवे सील फार दिवस टिकत नाही. बोटाचे नख फिरवून कारागीर ते ताडतो. या एका स्पर्शावर ठरते, की मूठभर कडी बदलून भागेल की अख्खा पंप बदलावा लागेल. अमेरिकेतल्या कार्यशाळांतून आज हा निर्णय बहुधा आधीच झालेला असतो. कारागिराचा तास महाग, म्हणून जुना पंप परत द्यायचा आणि नूतनीकरण केलेला घ्यायचा. हिशेब चुकीचा नाही. शिवाय तापलेल्या धूरनळीवर गळणारे तेल पेट घेऊ शकते, तेव्हा हट्टाने अर्धवट दुरुस्ती करण्यात शहाणपणही नाही. पण नख फिरवून निदान करण्याचे ज्ञान वापरातून गेले, की ते कुठल्याही पेटंटमध्ये सापडत नाही, कारण ते तिथे कधी लिहिलेलेच नव्हते.

गळतीवरचा अंतिम उपाय आता निघालाच आहे. १९८८ साली सुझुकीने सेर्वो या छोट्या मोटारीत विजेवर चालणारे स्टिअरिंग आणले आणि २०११ साली फोर्डच्या एफ-१५० मालमोटारींपैकी बहुतेकांतून तेलाचा पंप गेला. तिथे पंपाचे तेल नाही, त्यामुळे त्याचा थेंबही नाही. इंजिनावर अखंड फिरणाऱ्या पंपाचा भारही वाचतो. हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. मात्र गळणारे यंत्र बिघडताना स्वतःहून सांगत असे. डाग पाहून साध्या माणसालाही काहीतरी कळे, आणि कळले की निदान चिंधी घेऊन गाडीखाली शिरता येई. नवे यंत्र आपला बिघाड सांकेतिक क्रमांकात सांगते, आणि तो वाचण्याचे साधन बहुधा दुसऱ्याच्या हातात असते.

डेव्हिसने गळती होणार हे मान्य करून यंत्र रचले आणि क्रिस्टेन्सेनने गळू पाहणाऱ्या दाबालाच कामाला लावले. दोघांनाही आपापल्या कामाचे पुरते मोल वेळेवर मिळाले नाही. त्यांच्या स्मारकांची चर्चा करण्यापेक्षा एखाद्या जुन्या मालमोटारीचे वाळलेले कडे बदलून ती पुन्हा रस्त्यावर आणणारा कारागीर त्यांच्या अधिक जवळचा आहे, असे मला वाटते. त्याला त्या दोघांची नावे ठाऊक नसतीलही. त्यांचा विचार मात्र त्याच्या हाताला ठाऊक असतो.