एकच अँब्युलन्स, दोन दरवाजे

कॅलिफोर्नियात अँब्युलन्समधून बहुधा दोघे उतरतात. एकाकडे पॅरामेडिकचा परवाना असतो, तो राज्याच्या आपत्कालीन वैद्यकीय सेवा प्राधिकरणाचा. दुसऱ्याकडे ईएमटीचे, म्हणजे आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचे, प्रमाणपत्र असते आणि ते बहुतेकदा स्थानिक संस्थेचे, म्हणजे एका काउंटीच्या किंवा काही काउंट्यांनी मिळून चालवलेल्या यंत्रणेचे. या रचनेचा पाया १९८०च्या कायद्यात आहे.

समजा, छातीत दुखणाऱ्या म्हाताऱ्याला या दोघांनी घरीच सोडले आणि नोंदीत लिहिले, 'रुग्णाने नकार दिला.' नकाराच्या कागदावर सही नाही. गाडी पोचल्याची वेळ २.१०, निघाल्याची २.१६, सहा मिनिटांत नाडी, रक्तदाब, समजावणे, नकार, सगळे उरकले म्हणे. चूक एकच, कागदही एकच. पण पॅरामेडिकचे प्रकरण राज्याकडे जाईल आणि ईएमटीचे स्थानिक वैद्यकीय संचालकाकडे. हा संचालक आपत्कालीन उपचारांचा अनुभव असलेला डॉक्टरच असावा लागतो, ही या रचनेतली सर्वांत शहाणी अट. सहा मिनिटांत काय होते आणि काय होत नाही, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मात्र संचालकाच्या आधी मालकाची पाळी येते. ईएमटीला नोकरीवर ठेवणारी कंपनी किंवा अग्निशमन दल स्वतः चौकशी करू शकते. आरोपात तथ्य दिसले, तर तीन दिवसांत संचालकाला कळवणे बंधनकारक आहे. शिस्तभंगासाठी काढून टाकले तरी आणि चौकशी होणार असल्याची सूचना मिळताच माणसाने राजीनामा दिला तरी. राजीनाम्याचे कलम नेमके आहे, कारण 'तुम्ही जा, आम्ही गप्प बसतो' हा तोडगा कुठल्याही धंद्याला सुचतो. तरीही 'तथ्य आहे' हे ठरवतो मालकच. ज्याच्या गाडीत चूक झाली त्याच्याच हाती पहिली चाळणी देणे हा मला या व्यवस्थेतला कच्चा दुवा वाटतो.

लोकांच्या जिवाला तातडीचा धोका दिसला, तर संचालक मालकाशी सल्लामसलत करून सुनावणीआधीच प्रमाणपत्र तात्पुरते स्थगित करू शकतो. इथे कायद्याने घड्याळ लावले आहे. पंधरा दिवसांत आरोपपत्र बजावले नाही, तर स्थगिती आपोआप उठते. ईएमटीने बचावाची नोटीस दिली की तीस दिवसांत सुनावणी. ती प्रशासकीय न्यायाधीशापुढे चालते. पण त्याचा निकाल 'प्रस्तावित' असतो. अंतिम निर्णयासाठी कागद पुन्हा त्याच स्थानिक संस्थेच्या टेबलावर येतो, जिने आरोप ठेवला होता. न्यायाधीश बाहेरचा, शेवटची सही घरची. जवळून पाहणाऱ्याला कामाची जाण असते हे खरे. पण काउंटी छोटी असेल तर तिथे कोण कोणाला ओळखत नाही?

जवळिकीचा दुसरा तोटा अधिक ढोबळ होता. स्थानिक यंत्रणा आपापल्या वह्या सांभाळत, त्यामुळे एका काउंटीने नाकारलेला माणूस शेजारच्या काउंटीत जाऊन प्रमाणपत्र मिळवू शके. २००८च्या दुरुस्तीने राज्यभरासाठी एकच नोंदवही आणली, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी सर्वत्र सारखी केली, आणि २०१०पासून ही पळवाट बुजली. प्रमाणपत्र देणारा स्थानिक राहिला, पण त्याची नोंद राज्याची झाली.

वरचा, म्हणजे राज्याचा, दरवाजा मात्र वेगळ्याच दिशेने सरकला. २०२१च्या कायद्याने पॅरामेडिकांसाठी स्वतंत्र शिस्त-पुनर्विलोकन मंडळ निर्माण केले. त्या सहा मिनिटांचा जाब देणाऱ्या पॅरामेडिकला आता आरोप ठेवणाऱ्या प्राधिकरणापलीकडे दाद मागायला जागा आहे. शेजारी बसणाऱ्या ईएमटीची फाइल अजून काउंटीतल्या त्याच टेबलावर मिटते.