विद्येचे वाडे

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा राजरस्ता नीरा ओलांडून, शिरवळ मागे टाकून खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी येतो, तेथे खंडाळा वसले आहे. इंग्रजी अमदानीत खंडाळा हा वाई तालुक्याचा पेटा होता, आणि जिल्ह्याचे सरकारी हायस्कूल होते घाटापलीकडे, साताऱ्यास. या मुलखातील विद्यालयांचा इतिहास पाहू जाता असे आढळते की, शाळेसाठी म्हणून बांधलेली इमारत फार उशिरा आली. त्यापूर्वी विद्येने दुसऱ्यांसाठी उभारलेल्या वास्तूंतच आपला संसार थाटला.

याच खंडाळा तालुक्यातील नायगावी, नेवसे पाटलांच्या घरी, 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. आणि 1848 मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत, तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात, पती जोतीरावांनी काढलेल्या मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या. तो वाडा एका गृहस्थाचे राहते घर होते; परंतु ज्या मुलींना अक्षरओळखीचाही अधिकार नाकारला गेला होता, त्यांना त्याने आपल्या छपराखाली घेतले.

त्याच 1848 साली साताऱ्यास शहाजी महाराज निवर्तले आणि डलहौसीच्या कारकिर्दीत छत्रपतींचे राज्य खालसा झाले. शहाजी महाराजांचे वडील बंधू प्रतापसिंह महाराज यांनी 1824 च्या सुमारास बांधविलेला राजवाडा पुढे सरकारी हायस्कुलाच्या उपयोगास आला, आणि जेथे मानकऱ्यांचा राबता असे तेथे वर्ग भरू लागले. विद्यानुरागी राजाच्या वास्तूस हे रूपांतर शोभण्यासारखेच होते. त्यांचेच नाव पुढे त्या शाळेस मिळाले.

तथापि दरवाजा उघडला म्हणून आतील अंतर मिटले, असे मात्र झाले नाही. लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदाराचा मुलगा 7 नोव्हेंबर 1900 रोजी येथे इंग्रजी पहिलीत दाखल झाला. दप्तरी त्याचे नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नोंदले गेले. हाच मुलगा म्हणजे बाबासाहेब; आपल्या शालेय दिवसांविषयी त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसण्याचे गोणपाट संध्याकाळी घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्यास शिवत नसे. आणि शिपायाने नळ सोडल्यावाचून तहान भागत नसे. राजप्रासादाच्या छताखाली एका बालकाने आपली बसण्याची जागा काखेत घेऊन यावे, यापरते त्या काळाचे दारुण चित्र कोणते?

हे अंतर बुजविण्याचे काम कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हाती घेतले. 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे स्थापिलेली रयत शिक्षण संस्था 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात नाना जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. 1940 मध्ये निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात तर गरीब विद्यार्थ्याने फीऐवजी आपले श्रम द्यावेत, अशी सोय झाली.

जीर्ण झालेला भिडे वाडा डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. 7 नोव्हेंबर हा आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. भिंती पडतात, पत्रे जाऊन स्लॅब येतो, पण शाळेचे खरे वय तिच्या पटावरून कळते: कोणते नाव तेथे प्रथम कधी आले आणि त्यापूर्वी का आले नव्हते. खंडाळ्यातील आणि परिसरातील प्रत्येक शाळेने नव्या इमारतीचा पाया घालताना आपली जुनी जनरल रजिस्टरे वाळवीपासून आणि रद्दीवाल्यापासून प्रथम वाचवावीत. सावित्रीबाईंच्या तालुक्याने इतिहासाची एवढी सेवा अवश्य करावी.