लाटांनी आणलेला माल कोणाचा?

वादळात सापडलेले गलबत खडकावर आदळून फुटते. नांगर, तोफा असा जड ऐवज तळाशी जातो. लाकूड, पिंपे, पेट्या लाटांबरोबर किनाऱ्याला लागतात. अशी पेटी कोणाची? तिच्या मूळ मालकाची, ज्याला सापडली त्याची, की त्या मुलखाच्या राजाची? या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी मिळालेली उत्तरे पाहिली, की सागरी व्यापाराच्या इतिहासातील एक महत्त्वाची गोष्ट आपल्या हाती लागते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हा प्रश्न वारंवार उभा राहणे साहजिक होते. पावसाळ्यातील नैर्ऋत्य वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. म्हणून कोकणातले नाखवे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवत. हंगाम संपताना उशीर झालेले शिडाचे जहाज या वाऱ्यांत सापडले, तर ते किनाऱ्याकडेच ढकलले जाई.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने मलबारच्या एली राज्याविषयी लिहून ठेवले आहे. दुसऱ्या बंदराकडे निघालेले जहाज भरकटून तिथे आले, तर देवानेच ते आपल्याकडे धाडले असे मानून तिथले लोक त्यावरचा माल घेत. राजेही मागे नव्हते. किनाऱ्याला लागलेला माल सरकारजमा करणे हा राजाचा हक्कच समजला जाई.

आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्ली येथे काकतीय राजा गणपतिदेव याचा १२४४ सालचा शिलालेख आहे. पूर्वीचे राजे फुटलेल्या जहाजांवरील सोने, हत्ती, घोडे, रत्ने हिरावून घेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. गणपतिदेवाने हा हक्क सोडला आणि ठरलेल्या जकातीवर समाधान मानले. यात दया होती, तसा हिशेबही होता. एका फुटक्या जहाजाची लूट एकदाच मिळते. निर्धास्त झालेला व्यापारी दरवर्षी येतो आणि दरवर्षी जकात भरतो.

हा हिशेब बरोबर असल्याची साक्ष शंभर वर्षांनी इब्न बतूता देतो. मलबारात इतरत्र बुडालेल्या जहाजाचा माल सरकारजमा होई. कालिकतला मात्र तो मालकाला परत मिळे. ते शहर भरभराटीला आले ते त्यामुळेच, असे त्याचे मत होते.

मग हक्क सोडणे नेहमीच सोपे होते का? १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडेन हा इंग्रज वकील रायगडावर आला होता. फुटलेल्या इंग्रजी जहाजांचा माल परत मिळावा, असे एक कलम त्याने मांडले. कोकणच्या जुन्या रिवाजाला हे धरून नाही, म्हणून महाराजांनी त्याला सुरुवातीला हरकत घेतली. आम्हांला या हरकतीत केवळ मालाचा लोभ दिसत नाही. आपल्या किनाऱ्यावर कायदा कोणाचा चालणार, हाही प्रश्न त्यात होता.

या साऱ्या नोंदी राजांच्या, वकिलांच्या आणि प्रवाशांच्या आहेत. भल्या पहाटे वाळूत फळकुटे वेचणाऱ्या कोळ्याने काय घरी नेले आणि काय सरकारात जमा केले, हे त्या सांगत नाहीत.

त्याच मलबारच्या दक्षिणेला, कोचीजवळ, २०२५ च्या मे महिन्यात ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडाले. २४ मे रोजी ते कलंडले. मोसमी पाऊस केरळात पोचला तोही त्याच दिवशी. जहाजावर सुमारे ६४० कंटेनर होते. त्यांपैकी काही कोल्लम, आलप्पुळा भागात किनाऱ्याला लागले. लोकांना सूचना मिळाली ती त्यांच्यापासून लांब राहण्याची. कारण जहाजावर कॅल्शियम कार्बाइडही होते, आणि त्याचा पाण्याशी संयोग झाला की ॲसिटिलीन हा ज्वलनशील वायू तयार होतो. वाळूत पसरलेले प्लास्टिकचे बारीक दाणे वेचायला स्वयंसेवक लागले.

पूर्वी प्रश्न होता, आलेला माल कोणी घ्यायचा. आता असाही माल येतो, जो कोणालाच नको असतो. मग तो उचलायचा कोणी आणि खर्च कोणाचा? विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न जरूर ठेवावा. मात्र त्याआधी त्यांना मोटुपल्लीचा शिलालेख सांगावा.