व्यंग कुठे होते?

वाशीत मी इतिहास शिकवतो. प्रशिक्षणात गुडघा निकामी होऊन सैन्यातून परत आलेला आमच्या वस्तीतला पोरगा परवा विचारत होता, "सर, परत घेतील का?" त्याच्या कागदावर निदान दुखापतीची नोंद होती.

१८१८ साली कोरेगावला लढलेल्या, सुभेदारकीपर्यंत चढलेल्या महारांची भरती १८९२-९३ च्या सुमारास बंद झाली, तेव्हा त्यांच्या देहात काहीच मोडलेले नव्हते. 'लढाऊ जातीं'च्या सिद्धांताने त्यांची जात हेच व्यंग ठरवले. पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. (आमची वाशी तेव्हा निजामाच्या मुलखात, इथल्या महाराने अर्ज करायचा तरी कुणाकडे?) महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली मोडली. गरज सरली होती!

१९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्याच ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हाही युद्धच चालू होते, हे विसरून चालणार नाही.

पोराला म्हणालो, कागद घेऊन ये, अर्ज लिहू. उद्या संध्याकाळी येतो म्हणाला आहे.