हिस्ट्री काँग्रेस : प्रमाणपत्रापलीकडचा लाभ

इंडियन हिस्ट्री काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९३५ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुढाकाराने पुण्यात भरले. देशभरातील इतिहास अभ्यासक एकत्र येणाऱ्या या अधिवेशनात प्राचीन, मध्ययुगीन व आधुनिक भारत, अन्य देशांचा इतिहास, पुरातत्त्व असे विभाग असतात आणि त्यांची सत्रे एकाच वेळी चालतात. नवखा संशोधक विद्यार्थी त्यात गोंधळतो. निबंध वाचून, प्रमाणपत्र घेऊन परततो आणि मोठी संधी गमावतो.

हे टाळण्यासाठी आदल्या रात्रीच कार्यक्रमपत्रिका पाहून सत्रे निश्चित करावीत. वाचनाला मोजकीच मिनिटे मिळतात. म्हणून प्रश्न, साधने व निष्कर्ष एवढेच मांडावे. मोडी कागदपत्रांवर काम करणाऱ्याने त्यांचा आशय थोडक्यात सांगावा. अन्य प्रांतांतील श्रोत्यांना ती लिपी अपरिचित असते. आक्षेप आल्यास वाद न घालता तो टिपून घ्यावा. प्रबंधातील उणीव परीक्षकांच्या आधी येथेच कळलेली बरी. ज्येष्ठ अभ्यासकांना भेटण्यापूर्वी त्यांचा एखादा लेख वाचावा व नेमका एकच प्रश्न विचारावा. परतल्यावर आठवडाभरात त्यांना आभाराचा ई-मेल पाठवावा. अधिवेशन संपते, असा परिचय पुढे अनेक वर्षे उपयोगी पडतो.