मेण्याच्या आत काय आहे? : नेटवर्क सुरक्षा आणि मुक्त सॉफ्टवेअरचा इतिहास

आज आपण परळच्या भोईवाड्यात जमलो आहोत, तर सुरुवात नावापासूनच करू. भोई म्हणजे पालखी, मेणा खांद्यावर वाहणारे. मेण्याचा पडदा बंद असला की आत कोण बसलंय ते भोयाला दिसत नाही, वजन मात्र त्याच्याच खांद्यावर. आम्ही नेटवर्क सुरक्षेचं काम करणारी माणसं. बरीच वर्षं आमचीही तीच गत होती. लोकांची नेटवर्कं राखायची, आणि स्वतःच्या टेबलावर मात्र असं यंत्र ठेवायचं की ज्याच्या आत डोकावता येत नाही.

गंमत म्हणजे आमची हत्यारं पहिल्यापासून उघडीच होती. यंत्राची कोणती दारं उघडी आहेत ते सांगणारं एनमॅप १९९७ साली आलं. १९९८ साली स्नॉर्ट आणि ईथरियल आले. ईथरियललाच २००६ पासून वायरशार्क म्हणतात. १९९९ साली ओपनएसएसएच आलं. या सगळ्यांचा सोर्स कोड कुणालाही वाचता येत होता. मग टेबलावर विंडोजच का राहिलं?

सवय हे एक कारण झालं. दुसरं कारण आपल्या भाषेचं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलीत खरं म्हणजे मराठी नसायचंच. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसला की पत्राचा नुसता काला. म्हणजे आपला मजकूरसुद्धा मेण्यात बंद! ही गाठ सुटली ती युनिकोडमुळे. लिनक्स भारतीय भाषांत आणण्यासाठी २००० साली इंडलिनक्सचं काम सुरू झालं. पुढे सी-डॅकने 'बॉस' लिनक्स तयार केलं, आणि २०१५ साली केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं.

मग आलं २०१७. १२ मे रोजी वॉनाक्राय पसरलं. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या ज्या भोकातून ते शिरलं, त्यावरचा उपाय मार्चमध्येच आला होता. पण एक्सपीचा सपोर्ट २०१४ सालीच संपला होता. एक्सपीसाठीचा उपाय हल्ल्यानंतर मिळाला. ब्रिटनमध्ये रुग्णांच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. केईएम आणि टाटा जिथून हाकेच्या अंतरावर आहेत, त्या भोईवाड्यात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दीड महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आलं. ते युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं, आणि त्याची झळ आपल्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलपर्यंत पोचली. कंटेनरची कामं अडली.

पण एक गैरसमज आत्ताच दूर करू. उघडं म्हणजे सुरक्षित, असं नाही. ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड हे भोक दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ते सापडलं २०१४ साली. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या छोट्याशा लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम चोरदार बसवल्याचं उघड झालं. लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या शंकेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते पकडलं. तो नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्येच! पडदा उघडा होता, म्हणून संशय आल्यावर त्याला आत जाऊन बघता आलं. पण बघायला कुणीतरी लागतंच.

मग बदल करायचा कसा? आम्ही ठेचा खाऊन शिकलो ते सांगतो. आधी विंडोजवरच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स वापरायला लागा. जुन्या फॉन्टच्या फाइली युनिकोडमध्ये करून घ्या, आणि मूळ प्रती जपून ठेवा. मग लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून बघा. प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन चालतं का ते तपासा. हिशेबाचं काम अडत असेल तर त्यासाठी एक यंत्र वेगळं राहू द्या. आणि ऑफिसातल्या कारकुनावर हा बदल एका सोमवारी लादू नका. तो चिडला तर बदल टिकत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. एक्सपीचा धडा पुन्हा समोर आलाय. आज घरी गेल्यावर एवढंच करा : आपल्या यंत्राला शेवटचा अपडेट कधी मिळाला, ते बघा.